ती. बाबा, गिरणीचं ठरवलंय

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका, इकडे ऑस्ट्रेलियात जिलाँगला आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर विषय काढला की बाबा "हां हां, बघू" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. आई, हे त्यांना तूच वाचून दाखव. आणि तुला नको वाटतील ती वाक्यं गाळू नकोस.

मुद्द्याचं आधी सांगते. पाडव्यापासून गिरणी आत्याचा धाकटा चालवणार. दादाचं नि माझं ठरलंय, आत्याशी बोलणं झालंय, पोरगा तयार आहे. बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरं. विचारलं असतं तर "दिवाळी होऊ दे" म्हणाला असता, आणि ती दिवाळी काही येत नाही. गिरणी विकलेली नाही हं. पाटी तीच, मीटर तुमच्याच नावावर. भाडं मात्र आईच्या खात्यात जमा होईल. तुमच्या हातात दिलं तर निम्मं उधारीत सोडून द्याल.

पोतं उतरवताना तुम्ही पडलात ते आईने आमच्यापासून लपवलं. मला ते आत्याकडून कळलं. त्या खोकल्याला तुम्ही गेली किती वर्षं "पिठाचा आहे, जाईल" म्हणताय. इथल्या वृद्धाश्रमात मी रोज ज्या म्हाताऱ्या माणसांचं करते ना, त्यांतल्या कितीतरी जणांनी धुळीत जन्म काढलाय, कुणी लोकरीच्या, कुणी कारखान्याच्या. रात्री त्यांच्या छातीचा आवाज ऐकला की मला सांगलीचं घर आठवतं. इतकं बोलून पुरे करते, उगाच घाबरवायचं नाही मला.

तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे. "माणूस खुर्चीवरून उठला की चार दिवसांत विसरतात." मागच्या वेळी इथे आला होता तेव्हा त्या मोठ्या मैदानाबाहेर चौदा नंबरचे पट्ट्यापट्ट्यांचे टी-शर्ट घातलेली पोरं दिसली, आणि तुम्ही विचारलंत, हा चौदा नंबर कोण? मी घाईत "एक खेळाडू आहे" एवढंच म्हणाले. आता नीट सांगते.

तो जोएल सेलवूड. इथल्या फुटबॉल संघाचा, जिलाँग कॅट्सचा, कप्तान होता. बेंडिगोचा पोरगा, २००७ साली अठराव्या वर्षी संघात आला आणि सोळा हंगामांत ३५५ सामने खेळला. हा इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे अठरा-अठरा माणसं, लंबगोल चेंडू, अंडाकृती मैदान, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. बाबा, तुम्हाला यातली टक्कर बरोबर कळेल, तालमीत दिवस काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सेलवूडच्या कपाळाला पट्टी आणि पट्टीतून ओघळणारं रक्त हे तर नेहमीचंच. याच संघात त्याच्यासोबत गॅरी ॲब्लेट ज्युनिअर खेळला, त्याच्या पायात जादू होती. सेलवूडकडे जादू कमी. पण चेंडू जमिनीवर पडून चार माणसं त्यावर तुटून पडली की सगळ्यात खाली सापडायचा तो हाच. फोर्डचा कारखाना २०१६ ला बंद पडलेलं हे गाव, इथल्या लोकांना असा माणूस आपला वाटला तर नवल नाही.

दुसऱ्या गावच्या लोकांचं मत मात्र वेगळं होतं. कुणी टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला आला की खांदा उचलतो, म्हणजे त्याचा हात मानेवर सरकतो, आणि फ्री किक मिळवतो, असं म्हणायचे. आमच्याकडे कॉलिंगवूड या दुसऱ्या संघाच्या चाहत्या एक आजी आहेत, सेलवूड टीव्हीवर दिसला की त्या शिव्या द्यायच्या. (मला विचाराल तर खांदा तो उचलायचाच. पण इतके लोक अंगावर आल्यावर करायचं तरी काय!)

२४ सप्टेंबर २०२२ ला मेलबर्नच्या एमसीजीवर हंगामाची अंतिम लढत झाली, सिडनीशी. एक लाखावर माणसं. सामना सुरू व्हायच्या आधी सेलवूड मैदानात आला तो ॲब्लेटचा आजारी असलेला छोटा मुलगा कडेवर घेऊन. जिलाँग ८१ गुणांनी जिंकलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने गोल मारला तेव्हा आमचा टीव्हीचा हॉल दणाणून गेला, ड्युटीवरची मीसुद्धा ओरडले. सामना संपल्यावर तो प्रेक्षकांकडे गेला. संघाचं पाणी, बूट बघणारा एक साथी आहे, डाऊन सिंड्रोम असलेला. त्याला कठड्यावरून अलीकडे ओढून घेतलं आणि गळामिठी मारली. कप हातात यायच्या आधी! चारच दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली. वय चौतीस. अजून एखादा हंगाम सहज खेळला असता असं म्हणणारे खूप होते.

आणि त्या आजी म्हणाल्या, "बरोबर वेळेला थांबला." डोळे पुसत म्हणाल्या, खोटं नाही सांगत.

त्यालाही आता काही वर्षं झाली. जिलाँगच्या मैदानाच्या उत्तरेच्या नव्या स्टँडला त्याचं नाव दिलंय. पण मला त्या नावापेक्षा चौदा नंबरची ती पोरं जास्त खरी वाटतात. त्यांतल्या लहानग्यांनी त्याला खेळताना धड पाहिलेलंही नाही. आईबापांनी सांगितलं, म्हणून अंगावर चौदा नंबर.

बाबा, तुमच्या नावाचा स्टँड कुणी बांधणार नाही, ते मीही जाणते. पण पुरानंतर गिरणीत पाणी शिरलं होतं, तेव्हा गल्लीतली माणसं चिखल उपसायला न बोलावता आली होती ना? दळणाच्या पैशासाठी आली होती का ती? बाजारपेठेतल्या त्या बाई, ज्यांना तुम्ही भाजणी नेहमी पहिल्या पाळीला, थंड दगडावर दळून द्यायचात, त्या परवा आईला देवळात भेटल्या तेव्हा आधी काय विचारलं? "अण्णांची तब्येत कशी आहे." गिरणी चालू आहे का, असं नाही विचारलं.

मला अजून रात्री जाग आली की पट्ट्याचा तो फटफट आवाज हवासा वाटतो. शाळेतून येऊन कोमट पोत्यावर टेकायचं आणि तुमच्या भुवयांवरचं पीठ बोटाने पुसायचं. आई ओरडायची, कपडे खराब होतात म्हणून. तुम्ही म्हणायचात, राहू दे गं, पोरगी गिरणीची आहे.

तर आता नीट ऐका. पाडव्याच्या आत छातीचा एक्स-रे झालाच पाहिजे, दादा रविवारी येऊन घेऊन जाईल, नाटकं नकोत. सकाळी गिरणीत जा, पण खुर्ची बाहेर टाका, वाऱ्याच्या बाजूला, आणि तोंडाला रुमाल. पोत्याला हात लावायचा नाही, एकालाही नाही. धाकट्याला दगडाला टाकी लावायला शिकवा. तो म्हणतो व्हिडिओ बघून येईल, पण त्याच्या हातून ज्वारीचं पीठ भरड पडलं तर गल्ली तुमच्याच नावाने बोंबलेल. वजनकाटा मात्र त्याला एकट्याला बघू दे. उधारीची वही आईकडे. गुडघ्याला तेल तूच लाव आई, ते स्वतः लावल्याचं सांगतात आणि बाटली भरलेली असते.

जूनमध्ये सुट्टी मिळाली की येतेय, तिकिटाचं बघतेय. तोवर रागावला असाल तर रागवा, पण औषधं घेऊन रागवा. समोरच्या शटरची किल्ली त्याला द्यायची. मागच्या दाराची तुमच्याच जुडग्यात राहील, तसं मी त्याला सांगून ठेवलंय, आणि दुपारी आत जाऊन बसलात तर त्याने काही बोलायचं नाही असंही.

तुमची,
ताई

ता.क. आई, साखरेची गोळी जेवणाआधी. जेवणानंतर नाही. तिसऱ्यांदा सांगतेय.