रिपोर्ट नॉर्मल आले, तरी दुखणं खरंच आहे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणजे माझ्या मनाचेच खेळ." हे डोक्यातून काढून टाक. तुला झालेल्या आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) रिपोर्ट नॉर्मलच येतात. आतड्याला जखम नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि आतडं व मेंदू यांच्यातल्या संदेशांत. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या गॅसने तुला कळ येते. ती कळ खरी आहे, बाळा.

डॉक्टरांनी अंदाजाने नाव दिलेलं नाही. २०१६ साली ठरलेले निकष आहेत: त्रास सुरू होऊन किमान ६ महिने झालेले, शेवटचे ३ महिने आठवड्यातून एकदा तरी पोटदुखी, आणि ती शौचाशी, त्याच्या वेळा बदलण्याशी किंवा कडक-पातळ होण्याशी जोडलेली, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. तुझ्यात तिन्ही आहेत. पावसाळ्यात मेसच्या जेवणाने जुलाब झाले, तेव्हापासूनच हे सुरू झालं ना? आतड्याच्या संसर्गानंतर काहींना आयबीएस मागे लागतो. पेपर जवळ आला की मुरडा वाढतो, तोही याच आजाराचा भाग. तू भित्रा आहेस म्हणून नव्हे.

पण मोबाइलवर वाचून पोळी, दूध, कांदा, लसूण, डाळी सगळं एकदम सोडलंस, ते मला अजिबात पटलं नाही. किती वाळलास! ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातून आलेल्या त्या फॉडमॅप आहारातही (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचा आहार) पदार्थ कायमचे सोडायचे नसतात. ४ ते ६ आठवडे बंद ठेवून मग एकेक परत खाऊन बघायचा, आणि तेही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आधी जेवणाच्या वेळा सांभाळ, चहा कमी कर. इसबगोल थोड्यापासून सुरू कर, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने काहींचं पोट जास्तच फुगतं.

आयबीएसमधून कॅन्सर होत नाही, ती भीती सोड. मात्र शौचातून रक्त पडलं, ताप आला किंवा रात्री झोपेतून जुलाबासाठी उठावं लागलं, तर "आयबीएसच असेल" म्हणून अंगावर काढू नकोस, लगेच दाखव. आणि खाणं कमी झाल्याने वजन उतरलं असेल असं आपण धरून चालायचं नाही. तेही डॉक्टरांना सांग.

पुढच्या तपासणीची तारीख कळव, मी सोबत येते. तोवर काय खाल्लं आणि कधी दुखलं, ते वहीत लिहून ठेव.

तुझी,
आई