उपास करणाऱ्याला हसू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

उपासतापास म्हणजे नुसतं ढोंग अशी खिल्ली उडवणारं पत्र मागच्या आठवड्यात तुमच्याकडे छापून आलं, त्यावर लिहितेय. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, रायगडकडची. ढोंगी उपासावर टीका खुशाल करा, आमच्या यशया संदेष्ट्याने ती 58 व्या अध्यायात करूनच ठेवलीय, उपास धरता आणि त्याच दिवशी भांडता, मजुरांना राबवून घेता, हा कसला उपास म्हणून. पण रडणाऱ्याला तो हसला नाही. तुमच्या पत्रलेखकांनी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं.

आमच्या धर्मग्रंथातल्या स्तोत्रांपैकी स्तोत्र 69 काढून बघा, दावीद राजाच्या नावावर आहे. माणूस रडतोय, उपास करतोय, अंगावर शोकाचं गोणपाट आहे, आणि वेशीत बसलेले त्याच्याबद्दल बोलतायत, दारुडे त्याच्यावर गाणी म्हणतायत. वेशीत कोण बसायचं तर गावची वडीलधारी, न्यायनिवाडा करणारी मंडळी! मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, की शहाण्यासुरत्या माणसांनाही हे थांबवावंसं वाटलं नाही. स्तोत्र 35 मध्ये तर तो सांगतो की हे लोक आजारी होते तेव्हा यांच्यासाठी मी गोणपाट नेसून उपास केले, आणि आता मी अडखळलो तर हेच जमून आनंद करतायत.

रोमन काळात थिएटरात काय चालायचं ते मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मग्रंथावरच्या आमच्या जुन्या विवरणात, रब्बी (धर्मगुरू) अब्बाहूच्या नावाने आलंय, स्तोत्र 69 मधल्या त्या वेशीच्या ओळीवर बोलताना. उंटाला सुतकाची कापडं घालून आणायचे, एकाने विचारायचं हा कशाला शोक करतोय, दुसऱ्याने सांगायचं, ज्यू लोकांचं शेत पडीक ठेवायचं सातवं वर्ष आहे, भाजी नाही म्हणून ते याच्या वाट्याचे काटे खातात, म्हणून रडतोय! आणि बघणारे हसायचे.

तिशा बआव या आमच्या शोकाच्या उपासाला आम्ही जमिनीवर बसून विलापगीत हा ग्रंथ वाचतो, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, जेरुसलेमचं मंदिर दोनदा पाडलं गेलं त्याचं दुःख आहे ते. कोकणात जुनी माणसं याला बिरड्याचा रोजा म्हणायची. आमच्या समोरच्या एकादशी धरणाऱ्या काकू त्या दिवशी दारात गप्पा मारायलाही यायच्या नाहीत, आज यांचं सुतक आहे म्हणून पोरांनाही गप्प बसवायच्या.

हा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा सणावारांच्या पानावर त्याबद्दल चार ओळी छापाल का? आणि त्या पत्रलेखकांना सांगा, दांभिकांवर जरूर लिहा, पण सुतकात बसलेल्या माणसाला त्यातून वगळा.

आपली,
एक वाचक, अलिबाग