ट्रॅकवर ‘मृगनयना’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी बेळगावच्या शहापुरात आमच्या भागातल्या हौशी नाट्यमंडळींनी एका हायस्कूलच्या मुलांना बरोबर घेऊन ‘संगीत संशयकल्लोळ’ केलं. प्रयोग रंगला. फाल्गुनरावांची मिशी एका बाजूनं सुटली, तेही लोकांना नाटकातलंच वाटलं. पण आता कानावर येतंय की खानापूरच्या प्रयोगाला साथीची मुलं न नेता पदं ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर म्हणायची. पायपेटी न्यायला टेम्पो लागतो, म्हणून.

त्या मंडळींना रविवारचाच प्रसंग आठवावा. अश्विनशेठ झालेले गृहस्थ बँकेत नोकरीला, आवाज गोड, पण ‘मृगनयना’त अंतऱ्याच्या तोंडाशीच शब्द विसरले. दरबारी रागातलं पद, सगळं सभागृह गप्प. पेटीवर नववीतला मुलगा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं वर न बघता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवला आणि मुखडा पुन्हा वाजवला. तबल्यावरच्या मुलीनं ठेका जराही हलू दिला नाही. दुसऱ्या फेरीला शेठजी शब्दांसकट समेवर आले आणि वन्समोअर घेऊन गेले! माझ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरानं सांभाळलं की हो!” ट्रॅक कुणासाठी थांबतो? आणि वन्समोअर आला तर काय, बटण दाबायचं?

शाळेतल्या पोरांना हे नाटक कशाला, असंही काहींनी विचारलं. एका तसबिरीवरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात, यात मुलांना न कळण्यासारखं काय आहे? मोबाईलवरून हेच घरोघरी चालतं.

शिवाय हे नाटक आपल्याला परकं नाही. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या या संगीत नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि इथं मास्तरकी केलेले. म्हणजे मास्तर आणि विद्यार्थी यांनी मिळून नाटक करणं या गावाला नवं नाही.

सभागृहातला ध्वनिक्षेपक मात्र पेटीपेक्षा जास्त गात होता, तेवढा खानापुरात आवरावा. पायपेटी आणि मुलं, दोन्ही न्यावीत. टेम्पोचं भाडं मी देतो.

आपला,
एक जुना प्रेक्षक
वडगाव, बेळगाव