व्यसन सोडलं तरी माफी शून्य का?

संपादक साहेब, नमस्कार.

एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) पकडलं, इतक्या कोटींचं, इतके जण अटकेत, अशा बातम्या रोजच असतात, २०२४ ला पुणे जिल्ह्यात कुरकुंभचा एमडीचा कारखाना सापडला तेव्हा तर सगळीकडे तेच. पकडायलाच पाहिजे, वाद नाही. पण आत गेलेल्याचं पुढे काय होतं यावर दोन ओळी पण कधी येत नाहीत म्हणून हे पत्र.

मी गर्दवाला, म्हणजे हेरॉइनवाला. ११ वर्षं हात लावला नाही, तरी व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये सुरुवात 'मी एक व्यसनी' अशीच करतो. खिशात पुड्या सापडल्या म्हणून आत गेलो, पहिले ५-६ दिवस नुसती टर्की, म्हणजे माल बंद झाल्याचा त्रास, उलट्या, हाडं कुणी पिळतंय असं वाटायचं, आणि औषध काय तर तापाची गोळी. बाजूचा एक म्हातारा कैदी रात्री स्वतःची चादर माझ्या अंगावर टाकायचा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे, माल कमी असेल (हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत) आणि माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, हे मला बाहेर आल्यावर कळलं. वकिलाने तोंडातून काढलं नाही. माहीत नव्हतं की फी बुडेल म्हणून गप्प बसला, देव जाणे.

पण ते झालं शिक्षेच्या आधीचं. एकदा शिक्षा लागली की कलम ३२अ आडवं येतं, ते माफी, म्हणजे शिक्षेचे दिवस कमी करणं, बंद करतं. खुनाचा जन्मठेपवाला सुतारकाम करतो, भटारखान्यात पोळ्या लाटतो, नीट वागतो, त्याचे माफीचे दिवस जमा होतात. एनडीपीएसवाल्याने तेच सगळं केलं, वर व्यसन पण सोडलं, तरी माफी शून्य. फक्त सेवनाचं कलम २७ तेवढं यातून वगळलंय. आता खरा गर्दुल्ला २७ मध्येच सापडेल असं थोडीच आहे, ४ पुड्या विकतो तेव्हा पाचवी त्याला फुकट मिळते, म्हणजे कागदावर तो पेडलर झाला. २००० साली सुप्रीम कोर्टात आपल्याच राज्याची केस होती, दादू उर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र सरकार, त्यात अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा कोर्टाचा अधिकार परत मिळाला, माफीची बंदी मात्र तशीच राहिली.

अमेरिकेत, जे ड्रग्जच्या बाबतीत कडकच, तिथल्या केंद्रीय तुरुंगांत १९९४ च्या कायद्याने सोय आहे. वेगळ्या बराकीत राहून व्यसन सोडवायचा ५०० तासांचा प्रोग्राम, साधारण ९ महिने चालतो, पूर्ण केला तर जास्तीत जास्त १ वर्ष आधी सुटका. हिंसेच्या गुन्ह्याला नाही, गुन्ह्यात बंदूक असेल तरी नाही, आणि हा बंदुकीचा नियम तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये उचलून धरला. खोटं व्यसन सांगून घुसणारे तिकडे पण निघाले, ते काय सगळीकडेच निघतात, म्हणून अख्खी योजना कुणी गुंडाळली नाही.

आपल्याकडे किलोकिलोने माल आणणाऱ्याला देऊ नका, मी पण म्हणतो देऊ नका. पण कमी मालात अडकलेला व्यसनी उपचार पूर्ण करतो, लघवीची तपासणी क्लीन येते, नंतर ६ महिने फॉलोअपला टिकतो, त्याला माफी मिळेल एवढी दुरुस्ती ३२अ मध्ये करायला काय हरकत आहे? माणसं शोधायला पण लांब जायला नको, १९८६ पासून व्यसन सोडवायचं काम करणारं मुक्तांगण केंद्र पुण्यात येरवड्यात आणि तुरुंग पण येरवड्यातच, रिक्षाने गेलात तर मीटर फार पळायचा नाही.

लोक म्हणतील माफीच्या लालचेने येतील. येऊ देत की! मी तरी उपचाराला कुठे सुधारायला म्हणून गेलो होतो, बायकोने दाराला कुलूप लावलं होतं, झोपायला जागा नव्हती म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालो.

नाव छापू नये ही विनंती, मुलीच्या लग्नाचं बघतोय.

— एक वाचक, कल्याण