अक्का, तुमचं ब्लेड अजून माझ्याकडेच आहे

अक्का,

हे तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बोलायला गेलं की तुम्ही "राहू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

यंदा लेक पहिल्यांदा आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणार होता. त्यासाठी लागणारी बाराबंदी, म्हणजे बारा बंदांचा पांढरा अंगरखा, बाजारात तयार मिळते, पण आईचं पायमशीन घरात असताना ती विकत आणायची हे मला पटेना. मशीन मात्र टाके सोडत होतं. एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने दहा मिनिटं खाटखूट केली, सुई बदलली, "शटल गेलंय, भंगारात द्या" म्हणाला, 400 रुपये घेतले आणि जाताना इतकं तेल ओतून गेला की पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपके उमटले. मग एका टेलरकडे कापड दिलं. आठ दिवसांनी ते घडीही न मोडता परत आलं. "सीझनात बारा बंद शिवत कोण बसणार?" हेच पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? असो. असो म्हणते खरी, पण राग गेलेला नाही.

तुम्ही युनिफॉर्मच्या कारखान्यातून घरी निघाला होतात, हातात रिकामा डबा. मशीनचा आवाज ऐकून दारातच थांबलात. आत येऊन सुई काढलीत, नखाने तिची सपाट बाजू चाचपलीत, अर्धी फिरवून पुन्हा बसवलीत. झालं! मेकॅनिकने सुईच उलटी लावली होती. मग एक जुनी चिंधी घेऊन तिच्यावर दोरा न ओवताच मशीन चालवत राहिलात, चिंधीवर तेलाचा डाग पडायचा थांबेपर्यंत.

पुढचे तीन दिवस तुमच्याकडून काय काय उचललं! कोरं मांजरपाट आधी रात्रभर भिजवायचं, वाळवून इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटावरून वर चढते. पांढऱ्यावर पेनाची रेघ नको, नखाने घडी पाडली की तीच खूण. आणि ते बंद. अरुंद पट्टी शिवून काडीने उलटवताना मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पट्टी दुमडतानाच आत जाड दोरा ठेवलात, टोकाच्या शिलाईत तो पक्का केलात, बाजूची शिलाई त्याला वाचवून मारलीत आणि दोरा ओढलात. सुळकन बंद सुलटा! बाराच्या बारा बंद चहा निवायच्या आत झाले.

पण आभार त्याचे नाहीत. शिकवणारे तसे मिळतात.

तिसऱ्या दिवशी, तुम्ही नसताना, मी हुशारी केली. काखेतला चौकोनी तुकडा लावायचा विसरून बाही आणि बगल एकाच दमात शिवून टाकली. तीही बारीक टाक्याने, वरून दुहेरी, पक्कं व्हावं म्हणून. लेकाने अंगात घालून हात वर केला आणि अख्खी बाराबंदी कमरेपासून वर आली. मनगटापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजू उसवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी भोगी. तुम्ही आलात तेव्हा मी ते बोचकं मांडीवर घेऊन नुसती बसले होते.

तुम्ही "अगं बाई" म्हटलं नाहीत. "मी सांगितलं होतं ना" तर नाहीच. फरशीवर समोर बसलात, कमरेच्या पिशवीतून अर्धं ब्लेड काढलंत, एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं, आणि ते माझ्या हातात दिलंत. स्वतः माझी कात्री घेतलीत आणि कमरेकडून सुरुवात केलीत. मी मनगटाकडून. एका बाजूचा दर चौथा टाका कापायचा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, एवढंच बोललात. दीड तास आपण दोघी दोन टोकांकडून उसवत काखेपर्यंत आलो.

कॉलरच्या नगावर पैसे मिळतात तुम्हाला. संध्याकाळी घरीही गठ्ठा आणता, तो त्या दिवशी तसाच पडून राहिला असणार. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही माझा हात माझ्याच पदराखाली सारलात.

चूक करणाऱ्याला शहाणपण सांगणारे आमच्या घरात चिक्कार आहेत, त्यात मीही आले. चुकलेल्याच्या समोर बसून त्याचं निम्मं उसवून देणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. शिकलेले, पगारदार, दारावर पाटी असलेले भेटले होते की त्याआधी. त्यांच्याकडे वेळ नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे शर्ट शिवून आलेल्या तुमच्याकडे होता.

तुकडा लावल्यावर तुम्ही आधी मोठ्या टाक्याने कच्चं शिवलंत, लेकाला घालायला लावलंत, दोन्ही हात वर करून मिरवणुकीतलं "बोला हर्र" म्हणायला लावलंत. कापड जागचं हललं नाही. मगच बारीक टाका.

भोगीला 68 लिंगांच्या फेरीत तो पूर्ण चालला, संक्रांतीला यात्रेतल्या लग्नाच्या अक्षतेलाही उभा राहिला. घरी आल्यावर मी आधी काख बघितली. एक टाका तुटला नव्हता.

ब्लेड मशीनच्या खणात ठेवलंय. परत द्यायला येणारच होते, पण तेवढ्यासाठी तरी तुम्ही पुन्हा आमच्याकडे याल म्हणून नाही आले. शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे.

तुमची,
गल्लीतली पायमशीनवाली