एक लिंबू म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आपण घरच्या घरी टकीला सावर, म्हणजे मेक्सिकोची टकीला ही दारू, लिंबू आणि साखर यांचं आंबट-गोड पेय, करण्याची कृती छापलीत. 'एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर, एक पेग टकीला, एका अंड्याचा पांढरा भाग. बर्फ घालून मिक्सरमधून फिरवा', एवढ्यात ती संपली. ती वाचून कोणी हे पेय केलं तर एकदा दात आंबतील, दुसऱ्यांदा सरबतासारखं गुळमट लागेल, आणि दोष मात्र टकीलाच्या माथी जाईल. खरी चूक मापाची आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

लिंबू हे माप होऊ शकत नाही. आमच्या बाळापूर-वाडेगाव या लिंबाच्या पट्ट्यात हे कोणालाही विचारा. पावसाळ्यातलं पातळ सालीचं, पिवळं पडू लागलेलं कागदी लिंबू २० ते २५ मिली रस सहज देतं. एप्रिल-मेमध्ये भाव कडाडलेले असताना बाजारात येणारं हिरवं, टणक, गोटीएवढं लिंबू पिळून पिळून ८-१० मिलीवर थांबतं. दोन्हीला 'एक लिंबू' म्हटलं तर आंबटपणात दुपटीहून जास्त फरक पडतो, साखर मात्र तेवढीच. म्हणून रस मोजूनच घ्यायचा. त्यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ५-१०-१५ मिलीच्या रेघांचं टोपण स्वच्छ धुतलं की काम भागतं. घरातल्या चमच्यांवर भरवसा ठेवू नका, कोणता ४ मिलीचा असतो, कोणता ७ मिलीचा.

आमचं माप असं: टकीला ६० मिली, कागदी लिंबाचा रस २० मिली, साखरेचा पाक २० मिली, अंड्याचा पांढरा भाग २० ते २५ मिली आणि चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ. मिठाने पेय खारट होत नाही, कडवटपणा मात्र दबतो.

रस त्याच दिवशी काढलेला हवा. सकाळी पिळून ठेवलेल्या रसाला रात्रीपर्यंत शिळा, कडसर वास येतो. पिळणीत लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत दाबू नये. बिया चिरडतात, सालीचं तेल उतरतं आणि तो कडवटपणा साखरेने जात नाही. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून चालेल का, असं काही जण विचारतात. आंबटपणा येतो, पण लिंबाचा वास येत नाही, आणि या पेयात अर्धी मजा त्या वासाचीच. संत्र्याच्या बागेत कलमाच्या खुंटावर फुटलेल्या जंबेरीची (खुंटासाठी लावतात ते लिंबाच्या जातीचं झाड) फळं दिसायला लिंबासारखी, आकाराने मोठी आणि रसाळ असतात, पण त्यांचा रस इथे वापरू नये. चव वेगळी, आंबटपणा कमी, त्यामुळे वरचं माप कोलमडतं.

साखर थेट घालू नका. थंड आणि मद्य असलेल्या द्रवात ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. १०० ग्रॅम साखर १०० मिली गरम पाण्यात फक्त विरघळेपर्यंत ढवळा, उकळत ठेवू नका. यातून साधारण १६० मिली पाक मिळतो. उकळत राहिलात तर पाणी उडून तो एकतारीकडे जातो आणि मग २० मिलीत साखर जास्त पडते. बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो, गढूळ दिसला की टाकून द्यावा.

टकीला घेताना रंगाला भुलू नका. बाटलीवर '१०० टक्के अगावे' (टकीला ज्या झाडापासून होते ते) लिहिलंय का आणि 'नॉम' (NOM, मेक्सिकोच्या सरकारी प्रमाणाची खूण) या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक आहे का, एवढं पाहा. शंभर टक्के लिहिलेलं नसेल तर किमान ५१ टक्के साखर अगावेची आणि बाकीची दुसरीकडची, असं मिश्रण मेक्सिकोच्या नियमात बसतं. 'गोल्ड' बाटलीचा सोनेरी रंग पिंपात मुरल्याचा असेलच असं नाही, तो बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो. सावरसाठी पांढरी, म्हणजे ब्लांको, चांगली. किमान दोन महिने लाकडात मुरलेली रेपोसादोही चालते.

अगावे म्हणजे आपली घायपात, असं आपल्या लेखात आहे. ते अर्धंच खरं. धुऱ्यावर आणि रेल्वेच्या कडेला दिसणारी घायपात, म्हणजे केकताड, त्याच कुळातली आहे. पण टकीला फक्त निळ्या अगावेचीच होते आणि तीही मेक्सिकोच्या हालिस्को व ठरवून दिलेल्या इतर भागांतच. १९७४ पासून या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे. ते झाड तयार व्हायलाच पाच-सात वर्षं लागतात. हा खुलासा एवढ्यासाठी, की लेख वाचून कोणी घायपात तोडून काही गाळायला बसू नये. तिचा चीक अंगावर उडाला तर आग होते, पुरळ उठतं. घरी दारू गाळणं गुन्हा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारं आहे.

आता अंडं. गावरान अंडं लहान असतं, त्याचा पांढरा भाग साधारण २० मिली भरतो. फार्मच्या मोठ्या अंड्याचा ३० मिलीपर्यंत जातो, तेव्हा थोडा काढून ठेवा. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. पिवळ्या बलकाचा ठिपका जरी आत गेला तरी त्यातल्या चरबीने फेस बसतो. भांड्याला तेलाचा ओशटपणा असला तरी तेच होतं. पाण्यात तळाला आडवं पडणारं अंडं ताजं, तरंगणारं टाकाऊ. मात्र ताजेपणा म्हणजे निर्जंतुकपणा नव्हे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लिंबू किंवा टकीला काही मिनिटांत त्याला मारते, हा समज चुकीचा आहे. वयस्कर आणि आजारी माणसांनी कच्चं अंडं टाळावं. आपल्या लेखात याची एक ओळही नव्हती, हे खटकलं.

अंडं नको असेल तर काबुली चन्याचं पाणी उत्तम. एक वाटी चना रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून तीन वाट्या नव्या पाण्यात कुकरला शिजवा. मीठ, सोडा, हळद काही नको. चना त्याच पाण्यात पूर्ण थंड होऊ द्या, मग गाळा. पाणी बोटांना अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत लागलं पाहिजे. पातळ असेल तर मंद आचेवर आटवा. एका ग्लासला ३० मिली घ्या. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. पुरणाच्या डाळीचं कट मात्र वापरू नका. त्यात हळद आणि तेलाचा थेंब असतोच, फेस धरण्याआधीच मोडतो.

मिक्सर हवाच कशाला? त्यात बर्फाचा चुरा होऊन पेय पाणचट होतं. घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. लोणच्याची नको, तिचा वास कितीही धुतला तरी जात नाही. टकीला, रस, पाक, मीठ एकत्र करून आधी थेंबभर चाखा. या टप्प्यावर ते किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारव्यात गोडी दबते. अंडं सगळ्यात शेवटी घाला आणि लगेच हलवायला लागा. आंबट आणि मद्यात अंडं नुसतं पडून राहिलं तर त्याचे पांढरे धागे होतात. पहिल्यांदा बर्फाशिवाय १५ ते २० सेकंद जोरात हलवा. झाकण दोन्ही हातांनी दाबून धरा, आत बर्फ नसल्याने ते गारव्याने आवळलं जात नाही आणि फेस फुगून उडू शकतं. मग डबा बर्फाने काठोकाठ भरून १२ सेकंद हलवा. थोडा बर्फ घातला तर तो भराभर वितळतो, भरपूर घातला तर सावकाश वितळतो. हे उलटं वाटतं, पण असंच आहे.

बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, छोट्या वाट्यांमध्ये लावलेला घ्यावा. भारनियमनात अर्धवट गोठलेला, ओला बर्फ पेयात फार पाणी सोडतो. लादीचा बर्फ नकोच. तो बऱ्याचदा खाण्यासाठी केलेला नसतो आणि असा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियमही आहे. ४५ अंशांच्या दिवसांत ग्लास तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवा. बारीक गाळणीने गाळा, पण ती रोजच्या चहाची नसावी. अर्ध्या मिनिटात वर बोटभर फेस सावरतो. त्यावर हिरव्या सालीचा नखभर कीस टाकला की अंड्याचा वास झाकला जातो. साल किसताना खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका.

अशा एका ग्लासात ६० मिली टकीला, म्हणजे १९-२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आंबट-गोड चवीत ते जाणवत नाही, म्हणून दुसरा ग्लास घेताना मोजून विचार करावा आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये. राज्यात मद्य पिण्याला परवाना लागतो आणि टकीलासाठी वयाची अट २५ वर्षं आहे. आपला अंक वर्धा आणि गडचिरोलीतही जातो, तिथे दारूबंदी आहे. तिथल्या वाचकांसाठी बिनदारूची कृती शेजारी छापायला हवी होती. ती अशी: नागपुरी संत्र्याचा रस ६० मिली, लिंबू २० मिली, पाक १२ मिली, मीठ चिमटीभर, चन्याचं पाणी ३० मिली. हलवण्याची रीत वरचीच. फक्त संत्रं अगदी शेवटी पिळा. या संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडू होत जातो, आणि पाक वाढवून तो कडूपणा लपत नाही.

आपली,
एक वाचक
ता. बाळापूर, जि. अकोला