माळीमामांना, यंदाच्या अळ्यांच्या पावसाळ्याबद्दल

मामा, साष्टांग नमस्कार वि. वि.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तुमचं काम खालच्या कंपाउंडपुरतं. गच्चीवरची भाजीची बाग आम्ही रहिवाशांनी हौसेनं लावलेली, तिचा तुमच्या पगाराशी काही संबंध नाही. तरी यंदा ती वाचली ती तुमच्यामुळे. गणपतीत अळूवडीचे फोटो ग्रुपवर आले, सगळ्यांचं कौतुक झालं, आणि त्यात तुमचं नाव कुणीच घेतलं नाही. ते मनाला लागून राहिलं आहे. म्हणून हे पत्र चार लोकांनी वाचावं असं उघड लिहिते आहे.

आषाढ सरता सरता सगळं एकदमच सुरू झालं होतं. अळूची पानं जाळीदार झाली, वांग्याच्या शेंड्यांनी माना टाकल्या, लिलीच्या पात्यांचा तर चोथा झाला. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं जवळजवळ ठरलंच होतं. तुम्ही जिन्यात म्हणालात, "झुरळांचं औषध भाजीवर मारलं तर ती भाजी खाणार कोण? आधी खातंय कोण ते तरी बघू." आणि काम संपल्यावर, अंगातला थकवा दिसत असताना, वर आलात.

त्या संध्याकाळी तुम्ही अळूचं पान उलटं करून दाखवलंत. खाली तपकिरी, केसाळ चिकटा होता. मातीचा डाग समजून कुणीही पुढे गेलं असतं. ती पाने खाणाऱ्या अळीची अंडी, एका पुंजक्यात शेकड्यांनी. (कृषी खात्याच्या पुस्तिकांत हिला स्पोडोप्टेरा म्हणतात. तंबाखूपासून कोबीपर्यंत तिला काहीही चालतं.) अंडी फुटली की पिल्लं पहिले काही दिवस त्याच पानावर घोळक्यानं राहतात आणि हिरवा भाग खरवडून खातात, म्हणून पान कागदासारखं पांढुरकं, जाळीदार दिसतं. तुम्ही सांगितलंत की हीच वेळ साधायची. ते एक पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की सगळी वीण एका झटक्यात गेली. चार दिवस थांबलं तर त्या पांगतात, दिवसा कुंडीच्या मातीत दडतात आणि रात्री बाहेर येऊन खातात. मग बॅटरी घेऊन एकेक वेचत बसावं लागतं. तेही तुम्ही आमच्याबरोबर केलंत, डोक्यावर इरलं केल्यासारखी प्लास्टिकची पिशवी बांधून. कोश मातीतच होतात म्हणून रिकाम्या कुंड्यांची वरची माती उकरून ठेवायला लावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दयाळ पक्ष्याची जोडी त्या कुंड्यांवर उतरली, तेव्हा माती का उकरायची ते न सांगताच कळलं.

वांग्याचं वेगळं होतं. ती अळी शेंड्याच्या आत शिरते, आणि आत शिरल्यावर वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. तुम्ही सुकलेला शेंडा दोन बोटं खालून कापलात, उभा चिरलात आणि गुलाबीसर अळी मुलांच्या हातावर ठेवलीत. कापलेले शेंडे कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू दिले नाहीत, पिशवीत गच्च बांधून पत्र्यावर टाकलेत. दर आठवड्याला तेवढंच करत राहायचं, म्हणालात. करत राहिलो, आणि भाद्रपदात वांगी धरली.

दसऱ्यानंतर टोमॅटो लावले तेव्हा तुम्ही भोवती झेंडू लावायला सांगितलात. तुमचं गाव जुन्नरकडचं, नारायणगावच्या बाजारात तुम्ही टोमॅटोचे क्रेट वाहिलेले. फळ पोखरणारी अळी तोंड आत आणि निम्मं अंग बाहेर ठेवून खाते, एक फळ अर्धवट टाकून दुसऱ्यावर जाते, हे तुम्हाला अनुभवानं ठाऊक. तिचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला ओढला जातो. त्या कळ्या आम्ही खुडत गेलो.

निंबोळी अर्काचं प्रमाण इथे लिहून ठेवते, कारण खूप जण विचारतात. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून सकाळी फडक्यानं गाळायची, त्यात थोडं साबणाचं पाणी. फवारायचं मात्र संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. त्यानं अळी लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, म्हणून लहान असतानाच उपयोग. आणि मुंबईच्या पावसात एक जोरदार सर आली की सगळं धुऊन जातं, उघडीप मिळाली की पुन्हा मारायचं. मोठ्या झालेल्या अळीवर अर्क वाया घालवू नका, हातानं उचला, हे तुमचं सांगणं मला सगळ्यांत पटलं.

पण मामा, मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे ती लिंबाच्या कुंडीसाठी. तिच्यावरही अळ्या होत्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, काळपट-पांढऱ्या. सगळ्यांचे हात साबणाच्या बादलीकडे गेले आणि तुम्ही अडवलंत. हिरव्या झालेल्या एका अळीला तुम्ही काडीनं हलकेच डिवचलंत, तशी तिनं डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. "ही फुलपाखराची पोरं," एवढंच म्हणालात. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून कुंडीतल्या लहान रोपावरच्या अळ्या तुम्ही पानासकट खालच्या मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवल्यात. त्याला चार पानं गेल्याचं काय! पुढे मुलांनी एकीचा कोश रोज शाळेत जाताना पाहिला, बारीक धाग्यानं कमरेला बांधलेला, आणि त्यातून काळं-पिवळसर लाइम बटरफ्लाय निघालं. आपलं राज्य फुलपाखरू, 2015 साली जाहीर झालेलं ब्लू मॉर्मॉन, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. त्या कढीपत्त्यावर आता कुणालाही काही फवारू देत नाही. बाजारात मिळणारी बीटीची पावडर, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची, जैविक असली तरी तिला भाजीवरची अळी आणि फुलपाखराची अळी यांतला फरक कळत नाही, म्हणून तीही नाही.

शेवग्याचंही लिहायलाच हवं. खोडावर सुरवंटांचे झुपके बसले, दोन मुलांच्या अंगाला खाज सुटली, आणि झाड तोडा अशी मागणी बैठकीत आली. 1975 च्या कायद्यानं शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे कुणीतरी सांगितलंच. पण नुसत्या कायद्यानं पालकांची भीती कशी जाणार? ती तुम्ही घालवलीत. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला फडकं, आणि दिवसा ते खोडावर एकत्र असतानाच लांब दांड्याच्या झाडूनं साबणाच्या पाण्यात. मुलांच्या हातावर रुतलेली कुसं चिकटपट्टी लावून हळूच उपटलीत, चोळू दिलं नाहीत. नंतर त्या शेवग्यावर भारद्वाज येऊन राहिलेले सुरवंट गिळू लागला, ते बघायला तेच पालक खिडकीत उभे असायचे. झाड उभं आहे. शेंगा लागल्या की पहिला वाटा तुमच्या घरी.

या सगळ्याचे पैसे देऊ केले तेव्हा तुम्ही हात जोडलेत. गावाहून आणलेल्या निंबोळ्यांचेसुद्धा घेतले नाहीत. कुणाच्या चांगुलपणावर बाग चालवणं आम्हाला बरं वाटत नाही, म्हणून गच्चीच्या कामाचं मानधन सोसायटीच्या खर्चात धरावं असा ठराव आम्ही मांडतो आहोत. कृपा करून नाही म्हणू नका. आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या वेचायला तुम्ही गावी जाल तेव्हा आमच्यातले दोघं-तिघं बरोबर येतील. वेचायचं कसं ते दाखवा, पोती आम्ही उचलू. लिलीचे कंदही तेव्हा तुम्हाला दाखवायचे आहेत. पात्या पुन्हा फुटल्या आहेत, पण आत अळी गेली होती का, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तुमची,
गच्चीवरच्या बागेतली सगळी मंडळी, आणि त्यांच्या वतीनं लिहिणारी मी